आधी चिठ्ठी, मग चौकट

कल्याणहून नगरकडे जाणारा रस्ता मुरबाड, सरळगाव, टोकावडे मागे टाकत वैशाखऱ्याला पोचतो, तेव्हा सह्याद्रीची भिंत अगदी समोर उभी ठाकते. नानाच्या अंगठ्याला लागून त्या भिंतीत एक खिंड आहे, तोच नाणेघाट. गाव मागे पडलं की पायवाट लागते, रान संपतं, दगडी पायऱ्या येतात आणि माथा थोडा उरला असताना एक ऐसपैस चौकोनी लेणं लागतं. त्याच्या डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत कोरलेला लांबलचक लेख आहे. सातवाहन घराण्यातल्या नागनिका राणीशी जोडलेला हा लेख केलेले यज्ञ आणि दिलेली दानं सांगतो. किती गाई, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापणं, सगळं आकड्यांनिशी. येणारे-जाणारे त्याचे फोटो काढतात आणि वरच्या दगडी रांजणाकडे निघतात. मागच्या भिंतीकडे फारसं कुणी वळत नाही.

त्या मागच्या भिंतीवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका कुटुंबाच्या प्रतिमा ओळीनं कोरलेल्या होत्या. प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं नाव होतं. घराण्याचा मूळ पुरुष सिमुक सातवाहन, मग देवी नागनिका आणि राजा सातकर्णी, मग राजकुमार, आणि त्यांच्यातच महारठी त्रणकयिर. हा त्रणकयिर नागनिकेचा पिता असावा, असं अभ्यासक मानतात. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्सनं या लेण्याची नोंद घेतली आणि पुढे भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांच्या वाचनातून ही नावं उलगडली. आज तिथं एकही चेहरा नाही. देह झिजून, फुटून गेले. नावं मात्र अजून वाचता येतात, म्हणून तर तिथं कोण उभं होतं हे आपल्याला कळतं.

घरातल्या जुन्या वस्तूंची, फोटोंची मांडणी करायची म्हटलं की आपण पहिल्यांदा फ्रेमवाल्याकडे धावतो. रंग कोणता, काच कशी, भिंत कोणती, यात सगळा वेळ जातो. माझं म्हणणं असं की ते सगळं नंतरचं. पहिलं काम नाव लिहिण्याचं. मुरबाड-शहापूरकडच्या कुठल्याही जुन्या घरात ओटीवर बसून वर पाहा. छताजवळ पुढे झुकवून टांगलेल्या तसबिरी दिसतात, त्यांवर सुकलेला हार असतो, कुंकवाचा ठिपका असतो. हे कोण, असं घरातल्या विशीतल्या मुलाला विचारलं तर पणजोबा असतील म्हणतो. त्यांच्या शेजारच्या बाई कोण, तर पणजी. नाव? माहीत नाही. घराचा कर्ता असतो म्हणून पुरुषाचं नाव निदान सातबाऱ्यात, फेरफारात सापडतं. बाईचं नाव लग्नात बदललेलं असतं, माहेरचं गाव कुणी नोंदवलेलं नसतं, आणि ती गेली की दोन पिढ्यांत ती फक्त ‘आजीची सासू’ एवढीच उरते. नाणेघाटच्या भिंतीवर राणी तिच्या नावानं उभी होती आणि त्रणकयिर तिचा पिता असेल तर तिचं माहेरही तिथं होतं. आपल्या ओटीवरच्या तसबिरींखाली एवढं तरी असायला हवं.

तर सुरुवात करायची ती घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसून. दुपारी जेवणं उरकल्यावर, पावसाळ्यात लावणी आटोपल्यावर, जेव्हा त्यांना घाई नसते तेव्हा. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून बाजूला ठेवावा आणि वस्तू एकेक करून त्यांच्या हातात द्यावी. हातात देणं महत्त्वाचं. ‘पूर्वीचं काही सांगा’ म्हटलं की माणसं गप्प होतात किंवा तेच ते सांगतात. पण त्याच आजीच्या हातात तिचा अडकित्ता दिला की बोटं आपोआप दांड्यात जातात आणि बोलणं सुरू होतं. कुणी आणला, कुठल्या बाजारातून, त्याचा स्क्रू कधी बदलला, तो हरवला तेव्हा घरात काय झालं. प्रश्न छोटे ठेवावेत. हे कुणाचं? त्यांचं माहेर कुठलं? घरात कसं आलं? शेवटी कधी वापरलं? तारीख आठवत नसली तरी अंदाज लागतो. मोठ्या मुलाच्या जन्माआधीचं का नंतरचं, गावात वीज आल्यावरचं का आधीचं, आण्यांचा हिशेब चालू असतानाचं का नव्या पैशाचं. नवे पैसे 1 एप्रिल 1957 ला आले, तेव्हा त्या आठवणीला आपोआप साल मिळतं.

म्हातारी माणसं राहिली नसतील तर आणखी दोन वाटा आहेत. एक त्र्यंबकेश्वर-नाशिकची. तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत यात्रेला, दशपिंडाला आलेल्या घराण्यांची नावं पिढ्यानपिढ्या लिहिलेली असतात. आपलं मूळ गाव आणि आडनाव सांगितलं तर आजोबांच्या आजोबांची सहीसुद्धा कधी कधी मिळून जाते. दुसरी वाट घरातल्या पेटीतल्या मोडी कागदांची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहाराचे पुष्कळ कागद मोडीत लिहिले जात. ते ‘वाचता येत नाही’ म्हणून फेकू नयेत. राज्याच्या पुराभिलेख विभागाकडून मोडीचे प्रशिक्षण वर्ग चालतात, आणि ते शिकलेली तरुण मुलं आता पुष्कळ जिल्ह्यांत आहेत.

मिळालेली माहिती वस्तूजवळच राहिली पाहिजे. वही एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे, असं झालं की दहा वर्षांत त्यांची ताटातूट होते. फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ शिसपेन्सिल वापरावी. बॉलपेनच्या दाबानं पुढच्या बाजूला वळ उमटतो आणि शाई कालांतरानं पाझरते. फोटो काचेवर पालथा ठेवून, कडेला, हलक्या हातानं लिहावं. भांड्याला किंवा अवजाराला सुती नाडीनं छोटी चिठ्ठी बांधावी. चिठ्ठीत पाच गोष्टी याव्यात. वस्तूचं घरात म्हणत तेच नाव, ती वापरणाऱ्याचं पूर्ण नाव, बाई असेल तर माहेरचं नाव आणि गाव, साधारण काळ, आणि ही माहिती कुणी, केव्हा सांगितली. शेवटची गोष्ट बहुतेक जण वगळतात. पण उद्या दोन काकांचं म्हणणं वेगळं निघालं तर कुणाचं धरायचं, हे ठरवायला तीच उपयोगी पडते.

आता निवडीकडे. आपल्याकडे वस्तू मांडून दाखवण्याची कला कुणी बाहेरून शिकवायला नको. लग्नातलं रुखवत मांडताना कुठलं ताट पुढे आणि कुठलं मागे हे बायका किती विचारानं ठरवतात! चैत्रगौरीची आरास पायऱ्यापायऱ्यांची असते, उंच वस्तू मागे, नाजूक पुढे, आणि मधोमध गौर. खंडेनवमीला कोयते, विळे, कुऱ्हाडी, पाभर-औतांचे फाळ घासून-पुसून एका ओळीत ठेवले जातात आणि त्यांना फूल-हळदकुंकू मिळतं. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर डबे चढत्या क्रमानं लावलेले असतात. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. मध्ये कोण, हे आधी ठरतं आणि बाकीचं त्याच्या भोवती बसतं.

घरच्या आठवणींच्या मांडणीतही तो मध्य ठरवावा लागतो, आणि इथंच माणसं चुकतात. पेटीतलं जे जे जुनं निघालं ते सगळं भिंतीवर चढवायचं, मग भिंत भंगाराच्या दुकानासारखी दिसते आणि पाहणाऱ्याची नजर कुठंच थांबत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचा दाखला इथं घेण्यासारखा आहे. दिनकर तथा काकासाहेब केळकर, कवी म्हणून ‘अज्ञातवासी’, यांनी 1920 च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, दौती, दारं, खेळणी, स्वयंपाकघरातली भांडी, अशा रोजच्या वापरातल्या वस्तू त्यांनी गावोगाव फिरून मिळवल्या. लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी हे संग्रहालय उभं केलं आणि पुढे सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत तिथं. एका वेळी पाहायला मांडलेल्या असतात त्यातल्या थोड्याच. एवढ्या मोठ्या वाड्याला जर सगळं मांडणं योग्य वाटत नाही, तर आपल्या ओटीवर सात-आठ वस्तू पुरेत.

उदाहरण घेऊ. वैशाखऱ्यातलं भातशेतीवर वाढलेलं एक घर आहे असं समजा. नवं सिमेंटचं घर बांधताना माळ्यावरून बरंच काही खाली आलं आहे. पितळी पायली, लाकडी शेर, मोडकं इरलं, विळे, कमरेला बांधायची आकडी, सूप, कंदील, म्हसा गावच्या जत्रेतून आणलेलं घोंगडं, पाळण्याच्या कड्या, काही तांब्याची भांडी, एक ट्रंक कागद आणि मूठभर फोटो. हे सगळं एकत्र मांडलं तर फक्त ‘जुनं सामान’ दिसेल. पण त्यातून भाताचं एक वर्ष वेगळं काढता येतं. राब भाजण्यापासून खळ्यावर माप पडेपर्यंत. मग मध्यभागी येते पायली, कारण सगळ्या कष्टांचा शेवट तिच्यात होत असे. तिच्या डावीकडे इरलं, म्हणजे लावणी. उजवीकडे आकडी आणि विळा, म्हणजे कापणी. खाली सूप. वर आजी-आजोबांचा शेतातलाच एखादा फोटो, स्टुडिओतला नको. पायलीखालच्या चिठ्ठीत दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली, असं कोष्टक लिहावं, कारण 1956 च्या कायद्यानंतर दशमान मापं आली आणि शाळेतल्या मुलांना आता ते ठाऊक नाही. मापाच्या कडेला तपासणीचा शिक्का असेल तर तो भिंतीकडे न वळवता पुढे ठेवावा. मालकीणबाईचं नाव कोरलेलं असेल तर तेही. पितळी भांड्यांवर टिंबाटिंबांनी कोरलेली नावं म्हणजे त्या घरातल्या बायकांच्या मोजक्या लेखी खुणांपैकी एक.

उरलेल्या वस्तूंचं काय? घोंगडं, पाळणा, कंदील यांची दुसरी गोष्ट होते, ती पुढच्या वेळी. तोवर त्या नीट गुंडाळून ठेवायच्या. दर पाच-सहा महिन्यांनी मांडणी बदलली तर वस्तूंना उजेडापासून विश्रांती मिळते आणि घरच्यांनाही पुन्हा पाहावंसं वाटतं.

काही गोष्टी मांडू नयेत, असं मला ठामपणे वाटतं. देवाचे टाक देव्हाऱ्यातच शोभतात, त्यांचा कुळाचार चालू आहे. खरे दागिने भिंतीवर नकोत, त्यांचा मोठा फोटो लावावा. खरेदीखत, जुने फेरफार, वाटणीपत्र यांची रंगीत प्रत लावावी आणि मूळ कागद कपाटात ठेवावा. आणि घरातल्या कुणाला ज्या वस्तूनं त्रास होतो, अकाली गेलेल्या माणसाचा शेवटचा सदरा वगैरे, ती त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय बाहेर काढू नये.

यापुढचं सगळं ओलीशी झगडणं आहे. माळशेज घाटाच्या पायथ्याला पाऊस कसा पडतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. आषाढ-श्रावणात चपला हिरव्या होतात, पापड सादळतात, कपाटातल्या साड्यांना वास येतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला फावतं, आणि पावसाळ्यात इथं ती महिनोन्महिने त्याच्या पुष्कळ वर असते. म्हणून जागा निवडताना पहिला नियम, पश्चिमेची बाहेरची भिंत नको. पाऊस त्याच अंगानं मारतो. नव्या गिलाव्याची भिंत निदान एक उन्हाळा खाल्ल्याशिवाय वापरू नये. आतली, दोन खोल्यांमधली भिंत उत्तम. फ्रेम भिंतीला चिकटवून टांगू नये. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे किंवा लाकडाचे छोटे तुकडे लावले की मागे हवा खेळते आणि ओल उतरत नाही. चुलीची खोली आणि न्हाणीची भिंत टाळावी हे ओघानं आलंच.

फोटोचं सगळ्यांत मोठं नुकसान काच करते. जुन्या फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. दमट हवेत तो मऊ होऊन काचेला चिकटतो, आणि मग ओढून काढला की चेहराच काचेवर राहतो. म्हणून काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंटबोर्डची खिडकी कापून घालावी, म्हणजे दोन-तीन मिलिमीटरची पोकळी राहते. फ्रेमवाल्याला ‘अ‍ॅसिड-फ्री माउंट द्या’ असं स्पष्ट सांगावं. साध्या पुठ्ठ्यातल्या आम्लानं फोटोच्या कडा पिवळ्या-तपकिरी होतात. फोटो मागून चिकटवू देऊ नये, कागदी कोपऱ्यांत बसवावा. सेलोटेप तर कधीच नाही. तिचा डिंक कागदात उतरतो आणि तो डाग पुन्हा निघत नाही. आधीच काचेला चिकटलेला फोटो असेल तर त्याला हात लावू नये. काचेसकट, फ्लॅश न वापरता, थोड्या तिरक्या उजेडात त्याचा फोटो काढून ठेवावा. फार मोलाचा असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात विचारणा करता येते.

कागद जोडायला, फाटलेलं पत्र सांधायला संग्रहालयांत गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात. आपल्याकडे कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून जो चीक काढतात, तोच तो. तो पातळ शिजवून, गाळून, अगदी कमी लावायचा. पुढे कधी काढावंसं वाटलं तर पाण्यानं सुटतो, हा त्याचा मोठा गुण. फेव्हिकॉल सुटत नाही. चिकाला कीड लागते हे खरं, म्हणून लावण्याची जागा कडेची, पातळ आणि पूर्ण वाळलेली असावी.

कापडाचा हात वेगळा. आजीची कुंची, बाळाचं टोपरं, नऊवारीचा पदर खोल फ्रेममध्ये सुरेख दिसतो. पण त्याला डिंक, स्टेपल, टाचणी काही लावू नये. लोखंडी टाचणीचा गंज पहिल्याच पावसाळ्यात कापडात शिरतो. मांजरपाटाचा तुकडा आधी दोन-तीनदा धुऊन त्याची खळ काढून घ्यावी, नाही तर कसर त्या खळीला येते. तो अ‍ॅसिड-फ्री पुठ्ठ्यावर ताणून बसवावा आणि कुंची त्यावर सुती दोऱ्यानं टाचावी. सुई कापडाचा धागा चिरत जाऊ नये, विणीतल्या फटीतूनच जावी. टाके ढिले, दूर-दूर, आणि वजन ज्या भागावर पडतं तिथं थोडे जास्त. आत थोडा स्वच्छ कापूस भरला की टोपरं मुलाच्या डोक्याएवढं गोल उभं राहतं, घड्या पडत नाहीत. जरीचा पदर घडी घालून ठेवला तर घडीवर जर तुटते, म्हणून उरलेली साडी सुती कापडात नळीवर गुंडाळून ठेवावी. डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नयेत, ती काळवंडते. त्यापेक्षा वेखंडाच्या पुरचुंड्या बऱ्या. आपल्याकडच्या पोथ्यांच्या बासनात त्या पूर्वीपासून ठेवतातच.

उजेड हा कापडाचा आणि रंगांचा दुसरा शत्रू. संग्रहालयं कापडावर, जलरंगांवर साधारण 50 लक्सच्या वर उजेड पडू देत नाहीत. आपल्या ओटीवर दुपारी याच्या कितीतरी पट उजेड असतो. तिथं कुंची वर्षभर ठेवली तर लाल रंग गुलाबी होणारच, आणि गेलेला रंग परत येत नाही. ओटीवर भांडी-अवजारं, आत माजघरात कापड आणि मूळ फोटो, अशी वाटणी केली तर प्रश्न सुटतो.

धातूबद्दल माझं मत पुष्कळांना पटत नाही, तरी सांगतो. आठवण म्हणून ठेवलेली पितळी वस्तू चिंच-लिंबानं लखलखीत करू नये. आम्ल प्रत्येक वेळी धातूचा पातळ थर नेतं, आणि त्यात कोरलेलं नाव पुसट होत जातं. वापरातली भांडी खुशाल घासावीत, त्यांना कल्हई करावी. मांडणीतल्या वस्तूला मात्र कोरडं मऊ फडकं आणि वर्षातून एकदा रंगहीन मेणाचा हात पुरे. हिरवट भुकटी धरली असेल तर तेवढीच काडीला कापूस गुंडाळून काढावी. हेच स्वातंत्र्यसैनिकांच्या ताम्रपटाबद्दल. बेचाळीसच्या लढ्यात, मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर 2 जानेवारी 1943 ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आलं. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात, 1972 साली, स्वातंत्र्यसैनिकांना सरकारनं ताम्रपट दिले. त्या लढ्याशी नातं असलेल्या अनेक मराठी घरांत ते आजही आहेत. दर पंधरा ऑगस्टला चिंच लावून घासलेल्या ताम्रपटावरची अक्षरं नातवंडांना वाचता येणार नाहीत. तो काचेमागे ठेवावा, शेजारी त्या माणसाचा फोटो आणि त्यानं काय केलं याची चार ओळींची चिठ्ठी. नुसता पट ठेवला तर तो पन्नास वर्षांनी तांब्याचा पत्रा होतो.

चांदीचे छंद-पैंजण वर्तमानपत्रात, रबर लावून किंवा लोकरीत गुंडाळू नयेत. गंधकामुळे चांदी काळी पडते. विळ्या-कोयत्याचा सुटा गंज काढून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्यावा. खोबरेल, गोडंतेल चिकट होतं आणि धूळ धरतं. पात्याची धार पुठ्ठ्याच्या पट्टीनं झाकून मगच टांगावं, घरात मुलं असतात. इरल्याच्या, सुपाच्या बांबूतून पिठासारखी भुकटी गळू लागली की किडा लागलाय हे ओळखावं आणि वस्तू ताबडतोब बाकीच्यांपासून दूर करावी. जुन्या घरात चुलीचा धूर माळ्यापर्यंत जायचा, त्यानं कीड दूर राहायची. गॅस आला आणि तो पहारा उठला. त्या धुरानं काळं झालेलं इरलं, सूप खरवडून पिवळं करू नये. तो काळा रंग त्या घराच्या चुलीचा आहे, तोही जपायचाच.

टांगण्याच्या उंचीचं एक. संग्रहालयात चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर धरतात, कारण तिथं माणूस उभा राहून पाहतो. आपल्या ओटीवर माणसं चटईवर, बाकावर बसतात. तेव्हा मध्य चार फुटांच्या आसपास आणावा. छताला टेकलेल्या तसबिरी खाली उतरवल्या एवढ्यानंच कित्येक घरं पुन्हा आपल्या माणसांकडे पाहू लागतील. खिळा ठोकण्यापूर्वी सगळं जमिनीवर मांडून बघावं. मोठी, जड वस्तू खाली, दोन चौकटींत तीन-चार बोटांचं अंतर, आणि एकाच खिळ्याऐवजी दोन, म्हणजे चौकट वाकडी होत नाही.

मूळ फोटोच लावला पाहिजे असं मुळीच नाही. 600 डीपीआयवर स्कॅन करून चांगल्या कागदावर प्रत काढावी, ती भिंतीवर लावावी आणि मूळ फोटो पाकिटात घालून कोरड्या कपाटात ठेवावा. 1970-80 च्या काळातले रंगीत फोटो तर आधी स्कॅन करावेत. त्यातले रंग अंधारातसुद्धा उडतात आणि सगळा फोटो लालसर होतो. त्यामानानं कृष्णधवल फोटो चिवट. ही फाइल भावंडांना, परदेशातल्या मुलांना पाठवून ठेवावी. वस्तूच परदेशी न्यायची असेल तर एक सावधगिरी घ्यावी. 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती, धातूची कलावस्तू पुरावशेष ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखितांना ही मुदत 75 वर्षांची आहे. विमानतळावर अडचण नको म्हणून वस्तू पुरावशेष नाही असं पुरातत्त्व खात्याचं प्रमाणपत्र आधी घ्यावं.

या भागात हे काम लवकर व्हायला हवं, असं वाटण्याला कारण आहे. भातसा, बारवी या धरणांसाठी गावं उठली तेव्हा घरांबरोबर जातीं, उखळं, कणग्या मागे राहिल्या. आता रस्ते रुंद होतायत, कौलारू घरं पाडून स्लॅबची येतायत, आणि घर पाडायच्या आदल्या आठवड्यात भंगारवाला दारात उभा असतो. तो पितळेला वजनावर भाव देतो. पायलीवर कोरलेलं नाव त्या वजनात धरलं जात नाही. ठाकर, कातकरी पाड्यांवर तर फोटो मुळातच कमी. तिथं एक आकडी, एक ढोल, एक माळ एवढीच माणसाची खूण असते, आणि ती सांगणारी म्हातारी माणसं दरवर्षी कमी होतायत. शाळेतल्या शिक्षकांनी मनावर घेतलं तर प्रत्येक मुलाकडून घरच्या एका वस्तूची चिठ्ठी लिहून घेता येईल. त्याला पैसा लागत नाही.

येत्या खंडेनवमीला अवजारं पुसायला काढाल तेव्हाच हे सुरू करा. पाऊस ओसरलेला असतो, हवा कोरडी होत असते, घरात सगळे असतात. ट्रंक उघडा, वस्तू सावलीत वाऱ्यावर ठेवा, आणि चौकटीचा विचार करण्याआधी शिसपेन्सिल घेऊन आजीजवळ बसा. तिचं माहेरचं नाव विचारा आणि लिहून घ्या.